ओवी, लॅपटॉप आणि मधली पेटी

श्रोतेहो, गावोगाव पिठाची गिरणी आली आणि बायाबापड्यांचे कष्ट वाचले, हे चांगलेच झाले. पण जाते थांबले तशी जात्यावरची ओवीही थांबली. आज ती ज्यांना येते त्या बहुतेक आजीबाई सत्तरी ओलांडलेल्या आहेत. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या; आवाज मात्र त्यांतल्या एका हिश्श्याचाच मुद्रित झाला. बाकीच्यांचे शब्द उरले, गळा नाही. तेव्हा ज्या शिक्षकांजवळ लॅपटॉप आहे, त्यांनी आपल्या गावचा आवाज टिपून ठेवावा.

आता कोणी म्हणेल, "लॅपटॉपला मायक्रोफोन असतोच की!" असतो, पण तो बोलण्यापुरता, आणि आतल्या पंख्याच्या शेजारी. बाहेरचा चांगला मायक्रोफोन लावावा, तर त्याची वीज फारच क्षीण, व्होल्टच्या काही सहस्रांश भागाइतकी. तिला बळ द्यावयाचे आणि मग तिचे आकड्यांत रूपांतर करावयाचे, ही दोन कामे करणारी छोटी पेटी म्हणजे ऑडिओ इंटरफेस. ती यूएसबी तारेने लॅपटॉपला जोडतात.

ती घेताना काय पाहावे? पहिली गोष्ट, मायक्रोफोन किती लागतात ते. दळायला पुष्कळदा दोघी बसत. एक म्हणे, दुसरी साथ देई. म्हणून दोन मायक्रोफोनची पेटी बरी. भजनी मंडळासाठी आठांची घेण्याचा मोह टाळावा. दोन नीट ठेवले की अख्खे मंडळ त्यांत येते.

दुसरी गोष्ट विजेची. कंडेन्सर जातीच्या मायक्रोफोनला ४८ व्होल्ट लागतात. ते देणारे बटन पेटीवर हवे. आणि पेटी लॅपटॉपच्याच विजेवर चालणारी असावी, म्हणजे गावची वीज गेली तरी ओवी अडत नाही.

तिसरी गोष्ट विणीची. सोलापुरी चादरीत धागे दाट, तितके कापड घट्ट, तसेच इथे. सीडीवर आवाज सेकंदाला ४४,१०० वेळा मोजलेला असतो, १६ बिटांत, म्हणजे ६५,५३६ पायऱ्यांत. जतनासाठी ४८,००० वेळा आणि २४ बिट ही वीण धरावी. तीत पायऱ्या १ कोटी ६७ लाखांवर जातात. एका मायक्रोफोनचा तासभर आवाज सुमारे ५२० मेगाबाइट जागा घेतो. साध्या पेट्याही आज एवढे करतात. त्याहून मोठ्या आकड्यांसाठी जादा पैसे मोजू नयेत.

चौथी गोष्ट, हेडफोनची जागा आणि आवाज कमीजास्त करण्याची कळ. पायली शिगेच्या वर भरली की धान्य सांडते, तसा आवाजही लाल दिव्यापर्यंत गेला की फाटतो. सांडलेले धान्य वेचता येते, फाटलेला आवाज सांधता येत नाही. म्हणून कळ थोडी कमीच ठेवा. २४ बिटांत हळू आवाजही शाबूत राहतो. खोली घुमत असेल तर भिंतींवर दोनचार चादरी टांगा.

आणि आधी आजींची परवानगी घ्या. नाव, गाव, तारीख त्यांच्याच तोंडून वदवून घ्या. मूळ प्रत दोन ठिकाणी ठेवा. महाग पेटीसाठी वर्षभर पैसे साठवीत बसू नका. पेटी पुढल्या वर्षीही मिळेल; ओवी म्हणणारी मिळेलच, असे नाही.