बुद्धीचें अपत्य

आमच्या घरीं एक जुनी गोधडी आहे. तिला आजीच्या दोन लुगड्यांचें अस्तर आहे. वर थोरल्या काकांच्या मुंजींतील पंच्याचा काठ, आत्याच्या चोळीचा खण आणि कोणाच्या तरी बारशाच्या कुंचीचा विटलेला तांबडा तुकडा आहे. दुपारचीं जेवणें आटोपलीं, म्हणजे आजी व शेजारच्या दोघी बायका ओसरीवर ती गोधडी पसरून तीन बाजूंनीं बसत आणि धावदोरा घालतां घालतां साऱ्या आळीचा समाचार घेत, असें आईकडून ऐकलें आहे. आम्हां भावंडांना निजतांना कोणता तुकडा कोणाचा हें ओळखण्याचा खेळ पुरत असे. घराण्याची बखर आमच्याकडे कोणी लिहिली नाहीं; जी कांहीं आहे ती एवढीच.

ह्या गोधडीमुळेंच कीं काय, अमेरिकेंतील हॅरिएट पॉवर्स ह्या बाईंची हकीकत वाचनांत आली तेव्हां मन तींत गुंतून राहिलें. गोधडी शिवणारी स्त्री इतिहासांत सहसा सांपडत नाहीं. ह्या बाई सांपडल्या, त्यालाही एक दुःखाचें कारण घडलें.

संयुक्त संस्थानांपैकीं जॉर्जिया ह्या दक्षिणेकडील संस्थानांत, अथेन्स नामक गांवाजवळ, २९ ऑक्टोबर १८३७ रोजीं हॅरिएटबाईंचा जन्म झाला. त्या जन्मतःच गुलाम होत्या; म्हणजे त्यांचे श्रम, त्यांचें शरीर आणि पुढें होणारीं त्यांचीं मुलेंही कायद्यानें दुसऱ्याच्या मालकीचीं. १८५५ मध्यें आर्मस्टेड पॉवर्स यांच्याशीं त्यांचें लग्न झालें व त्यांना निदान नऊ अपत्यें झालीं. १८६५ सालीं यादवी युद्ध संपून गुलामगिरी गेली, तेव्हां त्या अठ्ठाविशीच्या घरांत होत्या. पुढें १८८० नंतरच्या दशकांत ह्या जोडप्यानें चार एकर जमीन स्वतःच्या नांवावर केली. ज्यांचें शरीरही एके काळीं स्वतःचें नव्हतें, त्यांना त्या चार एकरांचें मोल काय वाटलें असेल, हें सांगावयास नको.

त्यांना लिहितांवाचतां येत नव्हतें, असें पुष्कळ वर्षे समजलें जात असे. परंतु त्यांच्या १८९६ सालच्या एका पत्राची नक्कल उपलब्ध झाली, व कायरा हिक्स ह्या संशोधिकेनें २००९ सालीं ती प्रसिद्ध केली. लहानपणीं गोऱ्यांच्या मुलांकडून अक्षरें शिकल्याचें त्या पत्रांत आहे. शंकरपाळ्याच्या आकाराचे तुकडे हजारांनीं जोडून केलेल्या गोधड्यांचाही त्यांत उल्लेख आहे. त्या गोधड्या आज कोठें आहेत, याचा पत्ता नाहीं. आज डोळ्यांनीं पाहतां येतात त्या दोनच.

त्यांपैकीं पहिली १८८६ सालीं अथेन्स येथील कापसाच्या प्रदर्शनांत एका कोपऱ्यांत टांगलेली होती. कापडावर कापडाच्या आकृती कापून लावावयाच्या, कांहीं हातानें व कांहीं यंत्रावर शिवावयाच्या, आणि अशा अकरा चौकटींत बायबलांतील कथा मांडावयाच्या, अशी तिची रचना. आदम व ईव्ह, केननें केलेला भावाचा वध, याकोबाचें स्वप्नांतील शिडीचें दर्शन, येशूचें शेवटचें भोजन, हीं सारीं दृश्यें तींत आहेत. माणसें, पशू, पक्षी व तारे ह्यांचे आकार साधे, अंगानें सपाट, परंतु कमालीचे जिवंत. पश्चिम आफ्रिकेंतील जुन्या दाहोमी राज्यांत, म्हणजे आजच्या बेनिनमध्यें, याच रीतीनें कापडावर कापड लावून चित्रें करीत. तेंच वळण येथें उतरलें असावें, असें अनेक अभ्यासकांचें म्हणणें आहे.

ही गोधडी जेनी स्मिथ नांवाच्या चित्रकलेच्या शिक्षिकेनें पाहिली. त्या गोऱ्या, शिकलेल्या, कलेची पारख असलेल्या. त्यांनीं हॅरिएटबाईंचा शोध काढून गोधडी विकत मागितली. उत्तर मिळालें कीं कोणत्याही किंमतीस ती विकावयाची नाहीं.

चारएक वर्षें गेलीं. दिवस फिरले, हातीं पैसा राहिला नाहीं, आणि हॅरिएटबाईंनीं आपण होऊन निरोप धाडला कीं आतां विकेन. त्या वेळीं स्मिथबाईंजवळच पैसे नव्हते. पुढें त्यांनीं उलट निरोप पाठविला, तेव्हां एके दिवशीं दुपारीं त्यांच्या दारांत बैलगाडी येऊन उभी राहिली. गाडींत हॅरिएटबाई बसलेल्या, मांडीवर गोधडी. ती पिठाच्या स्वच्छ पिशवींत घातलेली आणि वरून गोणपाटांत गुंडाळलेली. त्यांनीं दहा डॉलर मागितले. स्मिथबाईंनीं पांचच देऊं केले. तेव्हां त्या बाहेर जाऊन यजमानांशीं बोलल्या. यजमानांचें मत पडलें कीं दिवस कठीण आहेत, विकलेली बरी. पांच डॉलरांत सौदा झाला. हें १८९१ च्या सुमारास घडलें.

पैसे घेऊन त्या लगेच निघून गेल्या नाहींत. प्रत्येक चौकटींत काय आहे, कोण कोणाला काय म्हणतो आहे, हें सारें त्यांनीं मोठ्या कळकळीनें समजावून सांगितलें. स्मिथबाईंनीं तें लिहून ठेविलें, व त्यामुळेंच आज आपणांस त्या चित्रांचा अर्थ करणारीच्या तोंडून कळतो. ह्याबद्दल स्मिथबाईंचे उपकार मानलेच पाहिजेत. त्यानंतरही हॅरिएटबाई अनेक वेळां त्या घरीं येत राहिल्या. कशासाठीं, तर आपली गोधडी पाहण्यासाठीं. आपल्या बुद्धीचें तें लाडकें अपत्य आहे, अशा भावनेनें त्या तिच्याकडे पाहत. सासरीं दिलेल्या लेकीला भेटावयास आई जावी आणि दोन घटका बसून परत फिरावी, तसेंच हें. स्मिथबाईंनीं आपल्या घरच्या सगळ्या चिंध्या त्यांच्यासाठीं राखून ठेवण्याचें वचन दिलें, तेव्हां कोठें त्यांचें थोडेंसें समाधान झालें.

ह्या दोघींच्या संबंधाला मैत्री म्हणावें काय? माझें मन एकदां होय म्हणतें व एकदां नाहीं. एकीनें मोल पांचांवर आणलें हें खरें. तिच्याजवळ तेवढेच होते, असें ती सांगते. परंतु ती गोधडी तिनें जन्मभर जपली, १८९५ सालीं अटलांटा येथील मोठ्या प्रदर्शनांत मांडविली, आणि करणारीचे शब्द पुसूं दिले नाहींत. मैत्रीला समपातळी लागते म्हणतात. ती येथें नव्हती. तरी चिंध्यांचें वचन देणारी बाई निव्वळ गिऱ्हाईक नव्हती, असें मला वाटतें.

अटलांटा येथें ती गोधडी पाहूनच तेथील विद्यापीठाच्या अध्यापकवर्गांतील स्त्रियांनीं दुसरी करविली, असें मानतात. ही दुसरी १८९८ मध्यें चार्ल्स कथबर्ट हॉल ह्या धर्मोपदेशकांस भेट देण्यांत आली. (हे गृहस्थ पुढें १९०२-०३ मध्यें व्याख्यानें देण्यासाठीं आपल्या हिंदुस्थानांतही आले होते.) हिच्या चौकटी पंधरा, आणि मला विचाराल तर हीच अधिक मनोरंजक. कारण बायबलांतील कथांच्या शेजारीं त्यांनीं ऐकीव व देखील्या गोष्टी बसविल्या आहेत. १३ नोव्हेंबर १८३३ च्या रात्रीं आकाशांतून उल्कांचा पाऊस पडला व लोकांना जगाचा अंत आल्यासारखें वाटलें. तेव्हां हॅरिएटबाई जन्मल्याही नव्हत्या. वडील माणसांच्या तोंडून ऐकलेली ती रात्र त्यांनीं कापडावर उतरविली. १७८० सालचा, भर दुपारीं अंधार पडल्याचा दिवस तींत आहे. १८९५ च्या फेब्रुवारींतील कडाक्याची थंडी आहे. तींत प्रार्थना करतां करतां गोठलेली बाई आहे, दारूच्या सुरईजवळ गोठलेला माणूस आहे आणि खेंचराच्या श्वासाचें झालेलें बर्फही आहे! आणखी एका चौकटींत बेट्स नांवाची डुकरीण जॉर्जियाहून व्हर्जिनियापर्यंत पांचशें मैल पळत सुटली आहे. हॅरिएटबाई तिला स्वतंत्र बाण्याची म्हणत. उत्तरेकडे पळणारी ही डुकरीण म्हणजे पळून जाणाऱ्या गुलामांची आठवण, असा तर्क कांहीं अभ्यासक करतात. तर्क खरा असो वा नसो, गुलामगिरींत जन्मलेल्या बाईनें स्वतंत्र हा शब्द उगाच वापरला नसेल.

घरीं मात्र उतरती कळा लागली होती. जमीन तुकड्यातुकड्यानें विकली गेली. १८९५ च्या सुमारास यजमान घर सोडून गेले. हॅरिएटबाईंनीं पुन्हा लग्न केलें नाहीं, शिवणकामावर पोट भरलें. त्यांचें एक छायाचित्र उपलब्ध आहे. त्यांत अंगावरील एप्रनवरही त्यांनीं सूर्यासारख्या व ताऱ्यांसारख्या आकृती शिवून लावल्या आहेत. १ जानेवारी १९१० रोजीं त्या वारल्या. अथेन्सच्या दफनभूमींतील त्यांचें थडगें गवतांत हरवलें होतें, तें २००५ सालीं सांपडलें.

स्मिथबाईंच्या मृत्यूनंतर पहिली गोधडी १९६८ मध्यें वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयांत गेली. दुसरी १९६४ पासून बोस्टनच्या कलासंग्रहालयांत आहे. दोन बहिणी दोन गांवीं दिल्या होत्या त्या २०२१ सालच्या ऑक्टोबरांत बोस्टन येथें प्रथमच शेजारीं शेजारीं मांडल्या गेल्या. करणारीनेंही त्या दोघींना कधीं एकत्र पाहिलें नव्हतें. दुसरी शिवावयास घेतली, तेव्हां पहिली दुसऱ्याच्या घरीं होती आणि तिला भेटावयास बाईंना गांवांत जावें लागत होतें.