चावी आधी की शपथ?

डोक्यावरचं छप्पर : लेखांक ९

सातारा जिल्ह्यातल्या अपशिंग्याला सगळे 'अपशिंगे मिलिटरी' म्हणूनच ओळखतात. तिथल्या एखाद्या निवृत्त सुभेदारांना सांगून बघा, की अमेरिकेत हजारो माजी सैनिक रस्त्यावर झोपतात. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असेल : "का हो, पेन्शन नाही का त्यांना?"

प्रश्न नेमका आहे. बहुतेकांना नाही. आपल्याकडे जवान पंधरा वर्षं काढून पेन्शन घेऊन गावी येतो. अमेरिकेत सरसकट निवृत्तिवेतनासाठी २० वर्षं भरावी लागतात आणि बरेचसे लोक त्याच्या कितीतरी आधी बाहेर पडतात. व्हिएतनाम युद्धात तर सक्तीच्या भरतीत दोन वर्षांसाठी उचललेली पोरं होती. विशीत गेली, विशीतच परत आली. (आपल्याकडेही २०२२ पासून अग्निपथ योजनेत चार वर्षांनी घरी येणाऱ्या अग्निवीराला पेन्शन नाही. तो विषय वेगळा, पण सुभेदारांच्या कानावर घालायला हरकत नाही.)

नोकरीत झालेल्या जखमेसाठी, आजारासाठी अपंगत्वाचा भत्ता मिळतो. पण त्यासाठी कागद लागतो. त्या कागदाचं नाव डीडी-२१४. कधी भरती झालात, कुठे होतात, कोणती पदकं मिळाली आणि सुटका कशी झाली, हे सगळं त्यावर असतं. यातला शेवटचा रकाना घात करतो. 'सन्मानाने मुक्त' असेल तर दारं उघडतात. दारू पिऊन ड्यूटीवर आला, गर्द ओढताना सापडला म्हणून काढून टाकलेल्याच्या रकान्यात तो शब्द नसतो, आणि मग सरकारी दवाखान्यापासून घराच्या मदतीपर्यंत प्रत्येक खिडकीवर अडवणूक सुरू होते. म्हणजे ज्या व्यसनावर उपचार हवेत, त्याच व्यसनाने उपचारांचा कागद खराब केलेला. त्यात हा कागद फुटपाथवर भिजतो, चोरीला जातो. सेंट लुईसजवळच्या सरकारी दफ्तरखान्याला १९७३ च्या जुलैमध्ये आग लागली, त्यात सैनिकांच्या दीड कोटीहून जास्त फायली जळाल्या. त्या जुन्या पिढीतल्या कित्येकांना आपण फौजेत होतो हेच पुन्हा सिद्ध करत बसावं लागलं.

किती आहेत असे लोक? दरवर्षी जानेवारीच्या अखेरीस एका रात्री स्वयंसेवक टॉर्च घेऊन पुलांखाली, गाड्यांमध्ये, निवाऱ्यांत माणसं मोजतात. २०१० मध्ये त्या एका रात्री सुमारे ७४ हजार बेघर माजी सैनिक सापडले होते. २०२४ मध्ये ३२,८८२. निम्म्याहून कमी. याच २०२४ मध्ये अमेरिकेतल्या एकूण बेघरांचा आकडा मात्र ७ लाख ७१ हजारांवर, आजवरच्या उच्चांकावर गेला होता. सगळीकडे चढता आलेख असताना एका गटाचा उतरला. तो कसा उतरला, यावरच आजचा लेखांक आहे. आणि त्यात एक जुनं भांडण आहे : आधी दारू सोड, मग घर देतो, की आधी घर घे, दारूचं मग बघू?

भांडणाच्या मुळाशी जायचं तर १९७१ मध्ये जावं लागतं. व्हिएतनाममधल्या सैनिकांत हेरॉइन मोठ्या प्रमाणावर पसरल्याचं तेव्हा अमेरिकी संसदेतल्या दोन सदस्यांनी जाहीर केलं आणि देशभर घबराट उडाली. एवढे गर्दुल्ले एकदम परत आले तर काय करायचं? निक्सन सरकारने नियम काढला : लघवी तपासल्याशिवाय विमानात पाऊल नाही. सैनिकांनी या मोहिमेला नाव दिलं 'ऑपरेशन गोल्डन फ्लो'. बराकीतल्या विनोदबुद्धीला दाद द्यावी. ज्याच्या चाचणीत हेरॉइन सापडे, त्याला नशा उतरेपर्यंत तिथेच ठेवत आणि पुन्हा तपासून घरी पाठवत.

परतलेल्यांचा माग ली रॉबिन्स या समाजशास्त्रज्ञ बाईंनी काढला. तिकडे असताना जे खरोखर व्यसनाधीन झाले होते, त्यांच्यापैकी घरी आल्यावर पहिल्या वर्षात पुन्हा व्यसनात अडकलेले निघाले अवघे ५ टक्के. कुणाचा विश्वास बसेना. बाईंवर आकडे रंगवल्याचा संशयही घेतला गेला. पण आकडे टिकले. स्वस्त, शुद्ध हेरॉइन, कंटाळा, भीती आणि ओढणारे सोबती, हे सगळं दहा-बारा हजार किलोमीटर मागे राहिलं होतं. जागा सुटली, तसं बहुतेकांचं व्यसनही सुटलं.

मला ही गोष्ट उलट्या बाजूने वाचावीशी वाटते. पुण्याच्या 'मुक्तांगण' व्यसनमुक्ती केंद्रातून बरा होऊन निघालेल्या माणसाला घराच्या वाटेवर तोच गुत्ता लागतो, तेच मित्र हाक मारतात. त्याला निदान वाट आहे आणि घर आहे. अमेरिकेतला बेघर सैनिक उपचार संपवून निघाला की जातो त्याच पुलाखाली, जिथे सगळे पितात आणि न पिणाऱ्याला थंडीत झोप लागत नाही. डॉक्टरांनी महिनाभर केलेलं काम तिथे एका रात्रीत वाहून जातं.

ही गोष्ट सरकारच्या आधी व्हिएतनामहून आलेल्या सैनिकांना स्वतःला कळली. १९८८ मध्ये सॅन दिएगोत त्यांनी तंबू ठोकून तीन दिवसांचं शिबिर भरवलं आणि त्याला 'स्टँड डाउन' म्हटलं. आघाडीवरच्या तुकडीला मागे, सुरक्षित जागी आणून आंघोळ, गरम जेवण, कोरडे कपडे द्यायचे, असा त्या शब्दाचा फौजी अर्थ. आज अशी शिबिरं गावोगाव होतात : दाढी-केस, दातांची तपासणी, चष्मा, आणि एका टेबलावर हरवलेल्या डीडी-२१४ चा अर्ज.

पण तीन दिवसांनी तंबू गुंडाळतात. पुढे काय? म्हणून १९९० च्या दशकात 'ग्रँट अँड पर डिएम' योजना आली. स्थानिक संस्थेने घर चालवायचं आणि सरकारच्या माजी सैनिक खात्याने माणशी, दर रात्रीमागे ठरलेली रक्कम द्यायची. मुक्काम जास्तीत जास्त २४ महिने. त्या काळात नोकरी शोधा, भत्त्याचे अर्ज लावा, जुनी देणी आणि कोर्टाच्या तारखा मिटवा. यातली पुष्कळ घरं 'सोबर' होती : पिऊन आलास तर बाहेर.

सोबर घर आतून कसं चालतं ते बघायला 'ऑक्सफर्ड हाऊस' बरं. ते सैनिकांसाठी म्हणून काढलेलं नाही, पण तिथे माजी सैनिकही राहतात. १९७५ मध्ये मेरिलँडच्या सिल्व्हर स्प्रिंगमध्ये व्यसनातून उठणाऱ्यांचं एक सरकारी घर पैशांअभावी बंद पडणार होतं. आतले लोक म्हणाले, आम्हीच भाड्याने घेतो. त्यांच्यातले पॉल मॉलॉय हे सेनेटच्या समितीत काम केलेले वकील, दारूने सगळं घालवून तिथे आलेले. जुन्या घरात सहा महिन्यांनी निघावंच लागे, आणि मुदत संपून गेलेल्या १३ जणांपैकी १२ जण पुन्हा प्यायला लागले, असं ते सांगत. म्हणून नव्या घरात मुदत ठेवलीच नाही. व्यवस्थापक नाही, पहारेकरी नाही. आठवड्यातून एकदा सगळे जेवणाच्या टेबलाभोवती बसतात. एकजण अध्यक्ष, एकजण हिशेब वाचतो, एकजण संडास कुणी घासला नाही ते सांगतो. कोषाध्यक्ष म्हणजे काल-परवापर्यंत बायकोच्या पर्समधून पैसे काढणारा माणूस. आज सगळ्यांच्या भाड्याचं चेकबुक त्याच्या हातात. नवा माणूस घ्यायला ८० टक्के मतं लागतात. प्यायला तर मात्र त्याच दिवशी सामान बाहेर, मग तो अध्यक्ष का असेना.

पद्धत कठोर आहे, आणि ज्याने ती स्वतः निवडली त्याला ती तारते. आपल्या बाजूच्या खोलीतलाही आज प्यायलेला नाही, ही खात्री त्याला कुठल्याही गोळीपेक्षा मोठा आधार देते. पण बाहेर टाकलेल्याचं काय? तो परत पुलाखाली. आणि जो मुळात शपथ घ्यायच्या अवस्थेतच नाही, ज्याला झोप लागण्यासाठीच दारू लागते, तो या दारापर्यंत येतच नाही.

न्यूयॉर्कच्या सॅम सेंबेरिस यांनी १९९२ मध्ये हा क्रमच उलटा केला. आधी चावी, आणि अटी साध्या, भाडेकरूला पाळता येतील अशा. याला 'हाउसिंग फर्स्ट' म्हणतात. लोक घर टिकवतात, हे पुन्हापुन्हा दिसलं. दारू आपोआप सुटते असं मात्र दिसलं नाही, आणि या पद्धतीचे समर्थक हे जरा हळू आवाजात सांगतात. सैनिक खात्याने २०१२ मध्ये हेच धोरण आपल्या भाडेमदतीच्या योजनेला लावलं : भाडेकरू उत्पन्नाच्या ३० टक्के भरतो, वरचं सरकार, सोबत एक समाजसेवक. सुरुवातीच्या आकड्यातली घसरण बरीचशी या योजनेच्या खात्यावर जाते.

मग सोबर घरं बंद करायची का? काहींना तसं वाटलं. मला ते पटत नाही, आणि खात्यालाही पुरतं पटलं नसावं. २०१७ मध्ये त्यांनी तात्पुरत्या घरांचे प्रकारच वेगळे केले. काही खाटा 'कमी अटींच्या', जिथे पिणाराही झोपू शकतो. काही उपचारांच्या, व्यसन सोडायचं ठरवलेल्यांसाठी. शपथ ज्याला हवी त्याला मिळावी. ती घराचं भाडं म्हणून कुणाकडून वसूल करू नये.

अर्थात चावी आधी की शपथ, हा वाद घालायला मुळात चावी तरी हवी. पश्चिम लॉस एंजेलिसमध्ये १८८८ साली अपंग सैनिकांच्या घरासाठी म्हणून सरकारला जमीन दान मिळाली. त्यातले ३८८ एकर आज शिल्लक आहेत. त्यावर एका विद्यापीठाचं बेसबॉल स्टेडियम आणि एका खासगी शाळेची मैदानं उभी राहिली, आणि कुंपणाबाहेरच्या फुटपाथवर सैनिकांच्या तंबूंची रांग लागली, तंबूंवर झेंडे. सैनिक कोर्टात गेले. सप्टेंबर २०२४ मध्ये न्यायाधीश डेव्हिड कार्टर यांनी तिथे आधी कबूल केलेल्या घरांशिवाय आणखी १,८०० कायमची आणि ७५० तात्पुरती घरं बांधायला सांगितली. सरकार अपिलात गेलं.

खटल्यात एक गंमत बाहेर आली. तिथली नवी घरं 'अल्प उत्पन्न' गटाची होती आणि अपंगत्वाचा भत्ता उत्पन्नात धरला जाई. त्यामुळे ज्याचं शरीर युद्धात सगळ्यात जास्त मोडलं, ज्याला म्हणून सगळ्यात जास्त भत्ता, तो त्या घरांच्या हिशेबात श्रीमंत ठरून तंबूतच राहिला.

(पुढच्या लेखांकात : निवाऱ्यातली मुलं आणि त्यांची शाळा)