बेंबळीचें सोयाबीन आणि जगाचें राजकारण

परराष्ट्रनीति म्हणजे राजधानींतील मुत्सद्द्यांचा विषय, असा समज सुशिक्षित घरांतूनही रूढ आहे. वकिलाती, करारनामे, परिषदा यांच्या वार्ता सकाळीं वाचावयाच्या, सायंकाळीं त्यांवर घटकाभर चर्चा करावयाची आणि मग आपापल्या कामाला लागावयाचें, एवढाच त्यांचा संसाराशीं संबंध मानला जातो. वस्तुतः राष्ट्राराष्ट्रांतील मैत्रीचा आणि वैराचा हिशेब ज्या ठिकाणीं प्रथम चुकता होतो, तीं ठिकाणें दोन: शहरांतील स्वयंपाकघर आणि खेड्यांतील शेत. या दोहोंना जोडणारा पदार्थ खाद्यतेल होय. आणि त्याची कथा मराठवाड्यांतील एखाद्या गांवावरून जितकी स्पष्ट दिसते, तितकी ती राजधानीवरून दिसत नाहीं.

धाराशिव तालुक्यांतील बेंबळी हें असेंच एक गांव. हा सारा मुलूख पावसाच्या भरंवशावर जगणारा. एके काळीं ज्वारी, तूर, करडई हीं इकडचीं मानाचीं पिकें होतीं; गेल्या दोन-तीन दशकांत खरीपाच्या रानाचा फार मोठा भाग सोयाबीननें व्यापला. जून महिन्यांत पाऊस पडला कीं पेरणी होते, शंभर-एकशेंदहा दिवसांत पीक हातीं येतें आणि दसरा-दिवाळीच्या सुमारास माल आडतीवर जातो. सोसायटीचें कर्ज, मुलांचें शिक्षण, रब्बीचें बियाणें, घरांतील लग्नकार्य हें सारें त्या एका विक्रीवर उभें असतें.

जागतिक राजकारणाचा या भागाला स्पर्श आतांच होत आहे, असें मात्र नव्हे. १९४८ सालापर्यंत हा जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानांत मोडत होता. त्या वर्षीं ऑगस्टमध्यें निजाम सरकारनें भारताविरुद्ध संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा समितीकडे गाऱ्हाणें नेलें. १६ सप्टेंबर रोजीं पॅरिस येथें समितीनें तें प्रकरण विचारार्थ घेतलें. आणि दुसऱ्याच दिवशीं, १७ सप्टेंबरला, निजामानें शरणागति पत्करली. त्या वेळीं प्रश्न या भूमीवर सत्ता कोणाची, हा होता. तो प्रश्न कायमचा मिटला. परंतु या भूमींत पिकलेल्या मालाचें मोल कोणीं ठरवावयाचें, हा दुसरा प्रश्न अजूनही बव्हंशीं परदेशांतच सुटतो.

तो कसा, हें समजण्यासाठीं सोयाबीनची घडण ध्यानांत घेतली पाहिजे. शंभर किलो सोयाबीन गाळलें असतां सुमारें अठरा किलो तेल निघतें आणि ऐंशी किलोंच्या आसपास पेंड उरते. तेल माणसाच्या पोटांत जातें, पेंड मुख्यतः कोंबड्यांच्या आणि जनावरांच्या खाद्यांत. म्हणजे आडतीवर जो भाव पुकारला जातो, तो दोन निरनिराळ्या भावांची बेरीज असतो; आणि त्या दोन्ही भावांच्या दोऱ्या निरनिराळ्या देशांतून ओढल्या जातात. जगांत सोयाबीन पिकविण्यांत ब्राझील पहिला, अमेरिका दुसरी, अर्जेंटिना तिसरा. भारताचें पीक सव्वा कोटी टनांच्या आसपास असतें. एकट्या ब्राझीलचें त्याच्या दसपटीहून अधिक. एवढ्या मोठ्या बाजारांत लातूरच्या आडतीनें भाव सांगावा आणि जगानें तो ऐकावा, हें शक्य नाहीं. घडतें तें उलट.

प्रथम तेलाचा विचार करूं. आपला देश वर्षाकांठीं सुमारें दीड कोटी टन खाद्यतेल बाहेरून आणतो; देशाच्या एकूण गरजेचा निम्म्याहून अधिक भाग तो. पामतेल इंडोनेशिया व मलेशिया येथून, सोयातेल अर्जेंटिना व ब्राझील येथून आणि सूर्यफुलाचें तेल मुख्यतः रशिया व युक्रेन येथून येतें. ज्याच्या घरीं निम्मा शिधा शेजाऱ्याकडून येतो, त्याला शेजाऱ्यांचीं भांडणें परकीं रहात नाहींत. २०२२ सालीं २४ फेब्रुवारीस रशियानें युक्रेनवर आक्रमण केलें आणि काळ्या समुद्रांतून येणारीं सूर्यफूल तेलाचीं जहाजें अडलीं. पाठोपाठ २८ एप्रिलला इंडोनेशियानें स्वतःच्या प्रजेसाठीं पामतेलाची निर्यातच बंद केली. ती बंदी २३ मेपर्यंत टिकली. युद्ध काळ्या समुद्राकांठीं, बंदी जाकार्त्याची. पण फोडणीचें तेल महागलें तें पुण्या-मुंबईच्या घरांत.

तेल हें दुसऱ्याच्या हातांतील शस्त्र, तसें तें आपल्याही हातांतील शस्त्र होऊं शकतें. काश्मीर आणि नागरिकत्वाचा कायदा यांवर मलेशियाचे तत्कालीन पंतप्रधान महाथीर महंमद यांनीं टीका केल्यानंतर, ८ जानेवारी २०२० रोजीं भारतानें शुद्ध केलेल्या पामतेलाच्या आयातीवर निर्बंध घातले. त्या आदेशांत कोणत्याही देशाचें नांव नव्हतें. परंतु त्याचा रोख कोणाकडे आहे, हें व्यापाऱ्यांना सांगावें लागलें नाहीं. सर्वांत मोठा ग्राहक असणें हेंही एक प्रकारचें सामर्थ्य आहे, हा या प्रसंगाचा अर्थ.

आतां पेंडीकडे वळूं. भारतीय सोयाबीन जनुकबदल न केलेलें असल्यानें त्याच्या पेंडीला परदेशांत कांहीं ठराविक गिऱ्हाइकें आहेत. २०१८-१९ च्या सुमारास इराण हें त्यांतील एक मोठें गिऱ्हाईक होतें. त्या व्यवहाराची रीत मोठी सोयीची होती. भारत इराणकडून खनिज तेल घेई व त्याचे पैसे रुपयांत भारतांतीलच बँकेंत जमा करी. त्याच रुपयांतून इराण आपला चहा, बासमती तांदूळ आणि सोयापेंड विकत घेई. अमेरिकेनें इराणवर निर्बंध लादले, दिलेली सवलत मे २०१९ मध्यें काढून घेतली आणि भारताला इराणी तेल सोडावें लागलें. तेल थांबलें, तशी रुपयांची थैली आटली. थैली आटली, तशी पेंडीची मागणी ओसरली. अमेरिका आणि इराण यांच्या वैराशीं बेंबळीच्या शेतकऱ्याचा कोणता संबंध, या प्रश्नाचें उत्तर त्या थैलींत आहे.

याहून मोठी उलथापालथ अमेरिका आणि चीन यांच्या व्यापारयुद्धानें केली. अमेरिकेनें चिनी मालावर जकात बसवितांच चीननें ६ जुलै २०१८ पासून अमेरिकन सोयाबीनवर शेंकडा २५ जादा जकात लावली व आपली खरेदी ब्राझीलकडे वळविली. २०२५ सालीं तोच खेळ पुन्हा झाला. कित्येक महिने चीननें अमेरिकेंतील नव्या पिकाकडे पाठ फिरविली. सप्टेंबरांत अर्जेंटिनानें कांहीं दिवसांपुरता आपला निर्यातकर उठवितांच तेथील माल चीनकडे आणि तेल भारताकडे धांवलें. आणि ३० ऑक्टोबरला दक्षिण कोरियांत उभय राष्ट्राध्यक्षांची भेट होऊन खरेदी पुन्हा सुरू करण्याचें ठरलें. याच वर्षीं रशियन खनिज तेल घेतल्याचें कारण दाखवून अमेरिकेनें ऑगस्टमध्यें भारतीय मालावरील जकात शेंकडा ५० पर्यंत नेली. अमेरिकेच्या मागण्यांत तिचा शेतमाल भारतांत येऊं द्यावा, हीही एक होती. आणि शेतकऱ्यांच्या हिताबाबत तडजोड होणार नाहीं, असें पंतप्रधानांनीं ७ ऑगस्ट रोजीं जाहीरपणें सांगितलें. रशियाचें तेल, अमेरिकेचा मका आणि मराठवाड्याचें सोयाबीन हे तीन विषय अशा रीतीनें एकाच मेजावर आले.

येथपर्यंत दोष परक्यांचा दिसतो. परंतु कथेचा उत्तरार्ध घरचा आहे. बाहेरचा भाव आंत येतांना त्याला जें एक दार लागतें, तें आयातशुल्काचें. आणि त्या दाराची किल्ली दिल्लीच्या हातांत आहे. दार उघडें ठेवलें तर शहरांतील तेल स्वस्त होतें व आडतीवरील सोयाबीन उतरतें. दार लोटलें तर उलट. २०२१ च्या ऑगस्टमध्यें सोयाबीन क्विंटलला दहा हजार रुपयांच्या आसपास पोंचलें होतें. कुक्कुटपालकांची ओरड झाली, सरकारनें १२ लक्ष टन पेंड आयात करण्यास परवानगी दिली, आणि नवें पीक बाजारांत येतां येतां तो भाव झपाट्यानें खालीं आला. १४ सप्टेंबर २०२४ पासून कच्च्या तेलावरील शुल्क अधिभारांसह शेंकडा ५.५ वरून २७.५ वर नेण्यांत आलें. तरीही त्या हंगामांत बाजारभाव ४,८९२ रुपयांच्या हमीभावाखालींच रेंगाळला. पुढील वर्षाचा प्रसंग तर अधिक बोधप्रद आहे. २८ मे २०२५ रोजीं सोयाबीनचा हमीभाव वाढवून ५,३२८ रुपये करण्यांत आला. आणि दोनच दिवसांनीं, ३० मे रोजीं, महागाई आंवरण्यासाठीं तेंच शुल्क १६.५ वर उतरविण्यांत आलें. एका हातानें शेतकऱ्याला आधार दिला, दुसऱ्या हातानें ग्राहकाला; आणि तराजूचीं दोन्ही पारडीं एकदम वर उचलतां येत नाहींत, हें पुन्हा एकवार सिद्ध झालें.

यांत सरकारचा हेतु वाईट, असें म्हणतां येणार नाहीं. स्वस्त तेल मागणारा कारकून आणि रास्त भाव मागणारा कुणबी दोघेही त्याच देशाचे नागरिक आहेत. अडचण आहे ती वेळेची. शेतकरी जूनमध्यें पेरतो आणि ऑक्टोबरांत विकतो. त्या चार महिन्यांत धोरण बदललें तर गिरणीवाला खरेदी थांबवूं शकतो, व्यापारी सौदा मोडूं शकतो, गृहिणी तेलाचा डबा बदलूं शकते. पेरलेलें बीं मात्र जमिनींतून परत काढतां येत नाहीं. जगाच्या वादळांत सर्वांनाच हेलकावे बसतात, पण नांगर टाकून एका जागीं बांधलेला असा हा एकटाच.

तेव्हां परावलंबन कमी करणें हीच दूरदृष्टीची परराष्ट्रनीति ठरते. ३ ऑक्टोबर २०२४ रोजीं केंद्र सरकारनें १०,१०३ कोटी रुपयांचें तेलबिया अभियान मंजूर केलें. २०३०-३१ पर्यंत तेलबियांचें उत्पादन ३९० लक्ष टनांवरून ६९७ लक्ष टनांवर नेण्याचा त्याचा संकल्प आहे. भारतांत हेक्टरीं सुमारें एक टन सोयाबीन निघतें, ब्राझीलमध्यें तीन टनांहून अधिक. म्हणजे वाढीला जागा भरपूर आहे. परंतु बियाणें आणि खत यांइतकीच गरज स्थिर धोरणाची आहे. आयातशुल्क काय राहील, हें पेरणीपूर्वीं ठरावें आणि माल विकला जाईपर्यंत तें शक्य तों ढळूं नये, एवढी एक शिस्त पाळली गेली तरी पुष्कळ साधेल.

तेल स्वस्त झाल्याची वार्ता वाचून शहरांतील घराला आनंद होणें स्वाभाविक आहे. त्या स्वस्ताईची किंमत कोणत्या गांवीं मोजली जात आहे, हेंही त्या घराला ठाऊक असावें. कारण शुल्काचें दार किती उघडावयाचें, याचा निर्णय अखेर लोकमताकडे पाहूनच होतो; आणि त्या लोकमतांत बेंबळीच्या आवाजापेक्षां शहराचा आवाज नेहमीच मोठा ऐकूं येतो.