कथेचा मेळ

अद्भुत कथा भागाभागांनीं वाढूं लागली, कीं कालक्रम व कथानक यांचा मेळ सुटतो. आजच्या व्हिडिओ खेळांतील क्रमशः कथांची जी अडचण, तीच महाभारताचीही होती. नकलकारांनीं पदरच्या कथा घातल्यामुळें पोथ्या एकमेकींशीं जुळत ना. म्हणून आमच्या पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें १९१९ ते १९६६ या काळांत १,२५९ पोथ्या ताडून पाहून चिकित्सक आवृत्ति सिद्ध केली. काश्मीर व केरळ अशा दूरच्या प्रांतांतील पोथ्यांत जें समान, तें जुनें. कारण दूरदूरचे नकलकार एकच भर कशी घालतील? गणपति लेखक झाल्याची कथा याच कसोटीनें परिशिष्टांत गेली. मात्र सर्व पोथ्यांत असलेली विसंगति संपादकांनीं स्वमतीनें बुजविली नाहीं. आपली कथा सुसंगत रचावी, दुसऱ्याची आहे तशी जपावी, हें आम्ही विद्यार्थ्यांस सांगूं इच्छितों.