घरगुती गॅस जोडणी: गैरसमज आणि वस्तुस्थिती

पेण आणि रोह्यातील बहुतेक घरांत स्वयंपाकाला सिलिंडरचा एलपीजी वापरतात. अनेक घरांत अंघोळीच्या पाण्यासाठी गॅस गिझरही असतो. पाइपने गॅस पुरवण्यासाठी रायगड जिल्ह्याचा परवाना महानगर गॅसला २०१५ मध्ये मिळाला.

गैरसमज १: शेगडी पेटली की जोडणी पूर्ण झाली.
वस्तुस्थिती: ज्योतीवरून गॅस पोहोचतो एवढेच कळते. रेग्युलेटर, नळीची टोके आणि नॉब यांवर साबणाचा फेस लावावा. बुडबुडे आले तर गळती आहे. काडी ओढून गळती कधीही शोधू नये. ज्योत निळी आणि स्थिर हवी. ती पिवळी असेल, भांडी काळी पडत असतील, तर बर्नरला हवा कमी पडते आहे.

गैरसमज २: सिलिंडरवरची तारीख ही गॅसची मुदत असते.
वस्तुस्थिती: ती टाकीच्या पुढील चाचणीची असते. ए, बी, सी, डी ही वर्षाच्या चार तिमाहींची अक्षरे आहेत. ‘बी-२८’ म्हणजे चाचणी जून २०२८ पर्यंत व्हायला हवी.

गैरसमज ३: खिडकी उघडली की गळलेला गॅस निघून जातो.
वस्तुस्थिती: एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचतो. म्हणून दारेही उघडावी लागतात आणि सिलिंडर खड्ड्यात किंवा तळघरात ठेवत नाहीत. पाइपचा गॅस मुख्यतः मिथेन. तो हलका असल्याने छताकडे जातो, म्हणून तिथे झरोका वरच्या बाजूला लागतो. वास आल्यास विजेचे बटण चालू वा बंद करू नये. रेग्युलेटर बंद करून बाहेर यावे आणि १९०६ या क्रमांकावर कळवावे.

गैरसमज ४: सिलिंडरची शेगडी पाइपच्या गॅसवर तशीच चालते.
वस्तुस्थिती: तेवढ्याच आकारमानाच्या एलपीजीपेक्षा मिथेनमधून उष्णता बरीच कमी मिळते. म्हणून जेटचे छिद्र मोठे लागते आणि हा बदल तंत्रज्ञाकडूनच करून घ्यावा लागतो. गिझरलाही हेच लागू आहे.

गैरसमज ५: वास येत नसेल तर न्हाणीघरातला गिझर सुरक्षित.
वस्तुस्थिती: वास मिसळलेला असतो तो गॅसमध्ये. अपुऱ्या हवेत जळताना तयार होणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वासही नसतो. डोके दुखणे, मळमळ, चक्कर ही त्याची लक्षणे. बंद न्हाणीघरात तो काही मिनिटांत जीवघेणा ठरू शकतो. त्यामुळे गिझर न्हाणीघराबाहेर, मोकळ्या हवेच्या जागी बसवून गरम पाणी पाइपने आत आणणे सुरक्षित ठरते.