गप्प बसलेला ससा
घरातले सोबती : लेखांक ६

मागच्या आठवड्यात सशाचं खाणं पाहिलं, आता त्याचं दुखणं. कुत्र्याला दुखलं की तो केकाटतो. ससा बहुतेक वेळा कोपऱ्यात अंग चोरून गप्प बसतो. रानात दुबळा दिसलेला प्राणी आधी शिकार होतो, म्हणून वेदना लपवणं त्याच्या रक्तातच आहे, पिंजऱ्यात जन्मला तरी. ‘आज कसा शहाण्यासारखा बसलाय!’ असं कुणी कौतुकानं म्हणालं की मला धास्तीच वाटते.

इंग्लंडमधल्या न्यूकॅसल विद्यापीठातल्या संशोधकांनी ओळखीसाठी सशांच्या कानावर गोंदताना त्यांचे चेहरे टिपले आणि त्यावरून २०१२ मध्ये वेदना मोजण्याची एक पट्टी मांडली. डोळे, गाल, नाकपुड्या, मिशा आणि कान, प्रत्येकाला शून्य ते दोन गुण. दुखत असेल तर डोळे किलकिले होतात, फुगीर गाल बसून तोंड निमुळतं दिसतं, मिशा ताठरतात, कान मागे वळून घट्ट मिटतात. लोंबत्या कानांच्या जातीत कानांवरून काही कळणं कठीण. झोपाळलेला ससाही डोळे मिटतोच, म्हणून तो जागा असताना, हात न लावता, लांबूनच पाहावं. तो ठणठणीत असतानाच त्याचा समोरून एक फोटो काढून ठेवा. पुढे शंका आली की तुलनेला तोच उपयोगी पडतो.

चेहऱ्याइतक्याच बोलक्या असतात लेंड्या. पिंजरा झाडताना त्या नुसत्या फेकू नका, बघा. एकसारख्या, गोल, भरपूर असतील तर आतडं चालू आहे. बारीक, वेड्यावाकड्या किंवा कमी झाल्या तर काहीतरी बिनसलंय. सशाला उलटी होत नाही. खाणं थांबलं की आतडं मंदावतं, पोटात वायू धरतो, आणि त्या दुखण्यानं तो आणखीच खात नाही. दहा-बारा तास तोंडात काही गेलं नसेल, तर ‘उद्या बघू’ म्हणू नका. त्याच दिवशी, रात्र असली तरी, डॉक्टर गाठा.

पुष्कळदा मूळ दातांत असतं. सशाचे दात आयुष्यभर वाढतात. गवत कमी पडलं की दाढा नीट झिजत नाहीत, त्यांना टोकं येतात आणि जीभ सोलली जाते. असा ससा खाण्यापाशी धावत येतो, घास उचलतो आणि टाकून देतो. हनुवटी ओली राहते. कुरवाळताना दातांचा बारीक आवाज येतो तो समाधानाचा. पाठीला कुबड काढून, पोट जमिनीला दाबून कराकरा दात खात असेल, तर ती कळ आहे.

घरातली कुठलीही गोळी देऊ नका. अमॉक्सिसिलिन तोंडावाटे दिलं तर आतड्यातले उपयोगी जंतू मरून ससाच दगावू शकतो. शस्त्रक्रियेआधी कुत्र्या-मांजरांसारखं सशाला उपाशी ठेवायचं नसतं. डॉक्टर सशांवर नेहमी उपचार करतात ना, हे फोनवरच स्पष्ट विचारून घ्या.

(पुढील लेखांकात : उन्हाळा आणि ससा)