नापासांचे वसतिगृह आणि किशोरवयातील राग

पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धी पाणलोटासाठी आणि दारूबंदीसाठी सर्वांना ठाऊक आहे. परंतु अण्णा हजारे यांचे सुरुवातीचे एक उपोषण १९८० मध्ये गावातील शाळेच्या मंजुरीसाठी झाले होते, हे फारसे कोणाच्या लक्षात नसते. इतरत्र नापास झालेल्या, वाया गेलेली म्हणून घरच्यांनीही हात टेकलेल्या मुलांना या शाळेने आणि तिच्या वसतिगृहाने आवर्जून जवळ केले, आणि अशा मुलांत हमरीतुमरीवर येणारी काही असणारच.

मानसशास्त्र आक्रमकतेचे ढोबळमानाने दोन प्रकार मानते: डिवचले गेल्यावर उसळणारी प्रतिक्रियात्मक आणि काही पदरात पाडून घेण्यासाठी थंड डोक्याने केलेली हेतुपूर्वक आक्रमकता. पहिल्या प्रकारामागे बहुधा आवेगशीलता, म्हणजे विचाराआधी हात उचलला जाणे, आणि भावनिक अस्थिरता हे स्वभावगुण आढळतात. अशा मुलाला कबड्डीच्या मैदानावर ओझरता धक्का लागला, तरी तो मुद्दाम मारला असेच त्याला वाटते. संदिग्ध कृतीत वैर वाचण्याच्या या सवयीला वैरभावी अर्थारोपण म्हणतात. दुसऱ्या प्रकारात मात्र राग दिसतोच असे नाही, उलट इतरांच्या वेदनेविषयीची बेफिकिरी अधिक दिसते. टेरी मॉफिट यांनी १९९३ मध्ये दाखवलेला भेदही येथे उपयोगी पडतो: बहुतेकांचे बेशिस्त वर्तन किशोरवयाबरोबर ओसरते, थोड्यांचेच बालपणापासून प्रौढपणापर्यंत टिकते.

पहाटेचा व्यायाम, श्रमदान आणि ठरलेल्या वेळांची शिस्त उतावळ्या मुलाला बांध घालू शकते, यात शंका नाही. अडचण वेगळीच आहे. याच गावात एकेकाळी दारुड्यांना खांबाला बांधून फटके दिले जात, आणि त्याचे कौतुकही झाले; पण मोठ्यांची मारहाण पाहून मुले मारहाणच शिकतात, हे अल्बर्ट बांडुरा यांच्या १९६१ च्या बाहुलीवरील प्रयोगानंतर नाकारणे कठीण आहे. शाळेतील शारीरिक शिक्षेला शिक्षणहक्क कायद्याने २००९ मध्ये मनाई केली, ती उगीच नव्हे.

अशा रागीट मुलांतही सर्वाधिक दुर्लक्षित राहतो तो नैराश्याने ग्रासलेला मुलगा, कारण या वयात नैराश्य उदासीऐवजी चिडचिडीच्या रूपानेही प्रकटू शकते. रात्रभर डोळ्याला डोळा न लागल्याने तो पहाटेच्या घंटेला उठत नाही, हलवून उठवणाऱ्याच्या अंगावर धावून जातो, आणि वहीत त्याच्या नावापुढे आळशी व उद्धट अशी नोंद होते.